तबकडीवरचे तिचे आकडे

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे तोंडाने कोणाला सांगायला गेलं की समोरचा मध्येच म्हणतो, जाऊ द्या ना काका आता. मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून लिहून राहिलो. कागद मध्ये बोलत नाही.

माझी बायको गेली. ती गेली आणि तेरवीच्या आत तिच्या हातचे आकडेही माझ्या मशीनवरून गेले. पहिल्या गोष्टीचा राग कोणावर काढायचा ते मला अजून समजलं नाही. दुसरीचा काढला. पोरावर काढला, पेंटरवर काढला. मग तो फिरून माझ्याकडेच आला, ते पुढे सांगतो.

मशीन म्हणजे पेट्रोल पंप. आताचा नाही, जुना, हाताने फिरवायचा. आजच्या लोकांनी पाहिलाही नसेल. माणसापेक्षा उंच लोखंडी धड, बाजूला हँडल, पोटाशी एक काचेची नळी आणि सगळ्यात वर घड्याळासारखी गोल तबकडी. हँडल फिरवलं की जमिनीतल्या टाकीतून पेट्रोल चढायचं, काचेतून जाताना गिऱ्हाइकाला दिसायचं, आणि तबकडीवरचा काटा सरकायचा. काट्याचा एक फेरा म्हणजे दहा लिटर. आर्णीच्या रस्त्यावर एका पंपावर मी मिशी फुटायच्या आधी लागलो आणि दात पडायला लागले तेव्हा सुटलो. सुरुवातीची वर्षं हेच हँडल फिरवलं. मग लाईटवर चालणारी मशीनं आली आणि याला मागच्या बाभळीत नेऊन आडवं पाडलं. किती पावसाळे तिथे पडून होतं. मी रोज डबा खायला तिकडेच बसायचो.

सुटायच्या दिवशी मालकाने शाल-नारळ आणला होता. मी म्हटलं, शाल राहू द्या, ते बाभळीतलं द्या. मालक हसला, म्हणाला, घेऊन जा बाबा, कचरा तरी कमी होईल. ट्रॅक्टरवर टाकून तांड्यावर आणलं.

बायको दारात उभी होती. आम्ही बंजारा, घरात गोरबोली चालते, पण ती मला लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं मराठीत लिहितो. म्हणाली, "लोकं नोकरीतून सुटतेत तर घरात काही चांगलं आणतेत. तुम्ही मुडदा आणला."

घराशेजारी पत्र्याची शेड टाकली आणि त्या मुडद्यावर मी दोन वर्षं घालवली. गंजाने सगळे नट एकजीव झालेले. रॉकेल आणि डिझेल मिसळायचं, त्यात चिंध्या भिजवायच्या, नटाला गुंडाळायच्या आणि आठ-आठ दिवस तिकडे पाहायचं नाही. घाई केली की बोल्टाची मुंडी तुटून हातात येते. मग गंज घासायला काचकागद, भोकं बुजवायला लांबीचा लगदा, वरून तांबडं प्रायमर, पुन्हा काचकागद. पोरगा यवतमाळला मोटरसायकलच्या शोरूममध्ये आहे. तो याला माझा छंद म्हणायचा. छंद म्हणे. ज्याच्या हँडलवर माझी जवानी गेली ते मी उभं करत होतो, त्याला छंद म्हणतात का?

आतला वायसर, म्हणजे वॉशर, चामड्याचा लागतो. नेर पाहिलं, यवतमाळ पाहिलं, कुठे मिळेना. दुकानदार मला रबराचे वायसर दाखवायचे आणि मी चिडून परत यायचो. एक दिवस बायकोने आपल्या जुन्या चपलेचा तळ काढला, कात्रीने गोल कापला आणि माझ्यासमोर टाकला. मी तो चार दिवस तेलात भिजवला, बसवला, खाली बादलीत नळी सोडली आणि हँडल फिरवलं. पाणी चढलं. काचेतून चढताना दिसलं. त्या दिवसापासून घरात जो येईल त्याला ती सांगायची, "यायचा पंप माझ्या चपलेवर चालते." मी तोंड वाकडं करायचो. पण खरंच होतं ते.

तबकडीचं काम शेवटी राहिलं. तिच्यावरचे आकडे गंजाने खाऊन टाकले होते. मी तबकडी उतरवून खाली ठेवली, पांढरा रंग दोन हात मारला, पण आकडे काढायची वेळ आली तेव्हा हात थरथरायला लागला. इतकी वर्षं हँडल फिरवून मनगट गेलेलं. ती म्हणाली, द्या इकडे ब्रश. लहानपणी तिने आईजवळ बसून घागऱ्यावर आरसे टाकलेले, टाके घातलेले. तिचा हात हलत नव्हता. मी म्हटलं, इंग्रजी आकडे काढ, कंपनीचे होते तसे. जुनी वस्तू उभी करायची तर होती तशी करायची, हा माझा नियम.

ती म्हणाली, "मले कॅलेंडरवरचे येतेत. तेच काढीन. इथं कोन इंग्रज पेट्रोल भराले येऊन राह्यला?"

शाळेत ती एक दिवस गेली नाही. आकडे तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरने शिकवले. ते खिळ्यावरून काढून तिने मांडीवर घेतलं आणि पाहून पाहून एक ते दहा काढले, लाल रंगात, कॅलेंडरवर असतात तसे जाड. दहा वर, पाच बरोबर खाली. सात म्हैस बसावी तसा मागे रेललेला. आठ इतका मोठा झाला की शेजारच्या नवाला जागा पुरली नाही, तो अंग चोरून बसला. आणि कडेने गोल फिरून बारीक बारीक टाके घातल्यासारखी नक्षी. कोणत्या कंपनीच्या पंपावर नक्षी असते? मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन शेडमध्ये आली आणि म्हणाली, पुसून टाका मग. मी पुसलं नाही. एवढं एक बरं केलं.

त्यानंतर मी भंगारातून आणखी दोन पंप आणले, ते बरोबर कंपनीसारखे केले. कोणी पाहायला आलं की मी त्या दोघांजवळ न्यायचो आणि लोक सरळ हिच्या पंपाजवळ जायचे. तेव्हाही मला राग यायचा.

आमचं आणखी एक भांडण होतं. तेलाचं. न्हाऊन झालं की ती शेडच्या उन्हात बसून डोक्याला खोबरेल लावायची आणि तळहाताला उरलेलं तेल उठून तबकडीवर पुसायची. म्हणायची, वाया कायले घालायचं, तेवढीच चमक येते. थंडीत ते तेल तिथेच गोठायचं, त्यावर रस्त्याची धूळ बसायची, तबकडी अर्धी काळपट दिसायची. मी सांगून थकलो की बाई, रंगाला तेल लावत नाहीत. ती ठेंगणी. टाचा उंच करून हात लावायची. कधी कधी म्हणायची, तुमचं स्टूल द्या ना जरा, वरतून राहून जाते. माझं कामाचं स्टूल होतं, लाकडी, मीच ठोकलेलं. मी म्हणायचो, देत नाही, तेल लावायले तर बिलकुल देत नाही. ती हसायची आणि टाचांवर उभी राहून जेवढं पुरतं तेवढं पुसायची. किती वर्षं हे चाललं. दर आठवड्याला.

मग तिचं पोट दुखायला लागलं. ते लिहीत नाही. अकरा दिवस यवतमाळला होतो आणि बाराव्या दिवशी तिला घेऊन परत आलो.

भेटायला माणसं आली. बायका आल्या. एकीने म्हटलं, भाग्याची होती, कुंकवासकट गेली. दुसरी म्हणाली, होय ना, नवऱ्याच्या आधी गेली, असं मरण मागून मिळत नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. भाग्य? तिला कोणी विचारलं होतं का? तिला तूर घरात यायची पाहायची होती. नातीच्या घागऱ्यावर टाके घालायचे राहिले होते. नवरा मागे राहिला यात बाईचं कोणतं भाग्य आहे ते मला त्या बायांनी समजावून सांगावं. मी तेव्हा काही बोललो नाही. आता लिहितो.

तेरवीच्या आधी घर साफ करतात. आमच्यातही करतात, सगळीकडेच करतात. भिंतींना चुना झाला, सारवण झालं, तिची गोधडी गेली, लुगडी वाटली. मी कुठेच लक्ष दिलं नाही. तेरवीला माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा शेडमध्ये गेलो.

तबकडी पांढरीशुभ्र होती. स्प्रेच्या गनने मारलेला रंग, गुळगुळीत. आणि त्यावर लाल रेडियमचे इंग्रजी आकडे चिकटवलेले, मोटरसायकलच्या नंबर प्लेटवर असतात तसे, चकाचक. नक्षी नाही. बसलेली म्हैस नाही. काही नाही.

पोरगा मागून आला. त्याच्या तोंडावर हसू होतं, ते मला अजून दिसतं. म्हणाला, "कसं वाटते बा? मोबाईलवर जुना फोटो पाहून केलं. अगदी ओरिजनल."

मी त्याला विचारलं, तुझ्या मायचे आकडे कुठे आहेत. तो तबकडीकडे पाहायला लागला. मी पुन्हा विचारलं. मग मी त्याला जे बोललो ते लिहायच्या लायकीचं नाही. म्हटलं, शोरूममध्ये गाड्या पुसून पुसून तुला फक्त चमक समजते. म्हटलं, आईच्या अंगावर कापड टाकलं तेवढं पुरलं नाही, तिच्या हातच्या आकड्यांवरही टाकलं. मग तो खाली पाहून बोलला.

"बा, तुम्हीच सांगतलं."

मी म्हटलं, मी? मी असं मरेपर्यंत सांगणार नाही.

सून दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "मामाजी, आठव्या दिवशी यायनं तुमाले विचारलं होतं, शेडातलंही रंगवू काय म्हणून. तुम्ही म्हटलं, सारं करून टाका, तिचं काहीच दिसू नका देऊ मले. मी तिथंच होती."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. भिंत, उन्हाचा पट्टा, कोणीतरी समोर वाकून काहीतरी विचारत होतं आणि मला फक्त तो माणूस समोरून जायला हवा होता. म्हटलं असेन मी. म्हटलंच. पण अशा वेळी म्हाताऱ्याचं ऐकतात का? बाकी कधी माझं ऐकत नाहीत. मोबाईल बाजूला ठेव म्हटलं तर ठेवत नाहीत. आणि हे नेमकं ऐकलं.

आठ दिवस मी पोराशी बोललो नाही. तो सुट्टी संपवून यवतमाळला गेला, सून आणि नात इथेच थांबल्या. मी रोज सकाळी शेडमध्ये स्टूल टाकून त्या पांढऱ्या तबकडीसमोर बसायचो. खाली ती होती. एक रंगाची साल मध्ये, बस. रंग उतरवायचे मला सगळे मार्ग माहीत आहेत आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. थिनर मारलं तर वरचाही जातो, खालचाही जातो. कास्टिक तर पत्र्यापर्यंत खाऊन टाकतं. काचकागद मारला तर नवा रंग कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला हे हाताला कळायच्या आधी तिचा निघून गेलेला असेल. आणि थांबायलाही वेळ नव्हता. रंग ताजा आहे तोवर काही होईल तर होईल, महिना-दोन महिन्यांत तो दगड होतो.

कोणता रंग मारला ते तरी पाहावं म्हणून आर्णीला, पोराने ज्याच्याकडून काम करून घेतलं त्या पेंटरच्या दुकानात गेलो. तो एका टँकरचं दार रंगवत होता. रंगाचं विचारलं, त्याने सांगितलं. मग मी विचारलं, मारायच्या आधी काचकागद मारला होता का?

"मारला ना काका. चांगला घासला."

"खरं सांग."

त्याने गन खाली ठेवली. म्हणाला, घासला नाही. तुमचा पोरगा घाईत होता, दुसऱ्या दिवशी तेरवी, फडक्याने पुसला आणि मारला.

मी भडकलो. त्याच्या दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर त्याला झाडला. घासल्याशिवाय रंग मारणारा पेंटर आणि भिंतीवर थुंकणारा माणूस यांच्यात फरक काय, असं विचारलं. रंग धरेल कशाला? तो बिचारा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "धरतच नव्हता काका. खालच्या अंगाला तेलकट होतं काहीतरी. दोनदा मारावा लागला."

मी बोलता बोलता थांबलो.

तेलकट होतं. खालच्या अंगाला.

त्याने स्टूल पुढे केलं, मी बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. चहा मागवला. मी चहा प्यायलो आणि त्याला म्हटलं, तू कामचोर आहेस, पण बरं केलंस. त्याला काही समजलं नाही. मी बस धरून घरी आलो.

पोराला मीच फोन केला. म्हटलं, रविवारी ये, काम आहे. बाकी काही सांगितलं नाही. तो आला.

लोखंडाची पट्टी मी मुद्दाम घेतली नाही. बांबूची कामटी तासून चपटी केली, नखासारखी. सुनेने कोमट पाणी आणलं, मी फडकं भिजवून तबकडीवर दाबून धरलं. आधी रेडियमचे आकडे सोलले, ते सहज निघाले, निघणारच. मग पाचच्या जागी, अगदी खालच्या कडेला, कामटीचं टोक घातलं आणि उचललं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंगाचा तुकडा उचलून आला. खाली लाल. तिचा पाच. आणि कडेचे टाके, एक, दोन, तीन, जसेच्या तसे. मी त्याला नाक लावलं. खोबरेलाचा वास खरंच आला की मला हवा होता म्हणून आला, ते मी कोणाशी वाद घालणार नाही.

पोरगा फडकं पिळून देत होता, मी कामटी सरकवत होतो. दुपारपर्यंत चार निघाला, सहा निघाला, तीन निघाला. सात निघाला तेव्हा सून हसली, म्हणाली, "बसली पाहा म्हैस." नंतर पदराने डोळे पुसत आत गेली. दोन आणि आठ अर्धे निघाले. खालची अर्धी बाजू आली, वरच्या अर्ध्यात रंग घट्ट धरून बसला होता. मी नवाच्या जागी कामटी घातली. जोर लागला. तुकडा निघाला, पण तो नऊ घेऊनच निघाला. पांढऱ्या सालीच्या पाठीला तिचा नऊ उलटा चिकटलेला आणि तबकडीवर नुसतं तांबडं प्रायमर.

मी कामटी ठेवून दिली. तो तुकडा अजून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

पोराला वाटलं माझा हात पुरत नाही म्हणून मी थांबलो. तो कोपऱ्यात गेला आणि माझं स्टूल घेऊन आला, पंपाजवळ ठेवलं, म्हणाला, "यावर चढा बा, मी धरतो. दहा अन् एक राहिले वरचे. हळूहळू काढू."

मी स्टुलाकडे पाहिलं आणि मग तबकडीकडे. तीनपासून सातपर्यंत लाल. दोन आणि आठ अर्धे. वरती पांढरं. जिथे तिचा हात पुरायचा तिथवर ती वाचली होती. टाचा उंच करून, बोटं ताणून, जिथवर तेल गेलं तिथवर. पुढे तिचा हात गेला नाही, म्हणून पुढे काही राहिलं नाही.

पोरगा म्हणत होता, चढा ना. मी म्हटलं, नाही. दहा आणि एक आत आहेत, राहू दे. उचलले तर नवासारखे हातात येतील. तो म्हणाला, मग वरचे आपण तसेच लिहून घेऊ, कॅलेंडर पाहून. मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. या वेळी मी शुद्धीवर आहे, आता ऐक. त्याने ऐकलं. नंतर म्हणाला, चुकलं बा माझं. मी म्हटलं, तुझं नाही चुकलं. एवढं बोलायला मला नऊ दिवस लागले.

आता लोक येतात आणि विचारतात, काका, तबकडी अशी अर्धवट काहून ठेवली? मी सांगत नाही. मला अजून राग येतो, आणि तो आता कोणावरच टाकता येत नाही. पेंटरने घासला नाही म्हणून ती वाचली. तिने माझं ऐकलं नाही म्हणून वाचली. ज्या ज्या माणसाने माझ्या नियमाप्रमाणे काम केलं नाही, त्याच्यामुळे वाचली. आणि जेवढी गेली ती माझ्यामुळे गेली. हातभर उंचीचं लाकडी स्टूल, मीच ठोकलेलं, चार पावलांवर पडलेलं असायचं. दर आठवड्याला ती मागायची. मी देत नव्हतो.